वळशाचा रस्ता

नकाशावर अभयारण्याचा हिरवा तुकडा दिसला की बहुतेकांचं बोट थेट त्याच्या मध्यभागी जातं. माझं कडेकडेनं फिरतं. आत जायचं तर परवाना, वेळा, फाटकं, आणि बहुतेक ठिकाणी सायकलला मज्जाव. ते योग्यच आहे, त्याबद्दल माझं रडगाणं नाही. मला हवा असतो तो त्या हिरव्या रंगाला बाहेरून खेटून जाणारा, नकाशावर जेमतेम दिसणारा रस्ता.

हा रस्ता शांत असतो याचं श्रेय जंगलाच्या आडमुठेपणाला. ज्याला लवकर पोचायचं असतं तो सरळ वाट धरतो, आणि मध्येच अभयारण्य पसरलेलं असलं की सरळ जाणं खुंटतं. ट्रक, बस, घाईतल्या मोटारी सगळ्या लांबच्या महामार्गानं निघून जातात. कडेच्या रस्त्याला उरतात ट्रॅक्टर, एखादी दुचाकी, गुरं आणि आपण. ‘किती फिरवून नेतो हा रस्ता!’ अशी गाडीवाल्यांची कुरकुर ज्याच्याबद्दल ऐकू येते, तो रस्ता मी लगेच टिपून ठेवतो. दहा किलोमीटरचं काम तीस किलोमीटरमध्ये करणारा रस्ता त्यांच्या लेखी वाया गेलेला. सायकलवर मात्र तेवढी सकाळ वाढून मिळते.

युनेस्कोनं 1971 मध्ये ‘मानव आणि जीवावरण’ हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून पुढे राखीव क्षेत्रांची जी आखणी आली तिच्यात तीन पट्टे असतात. आत गाभा, त्याभोवती संरक्षक पट्टा आणि सर्वांत बाहेर संक्रमण क्षेत्र, जिथं माणसं राहतात, शेती करतात, गुरं चारतात. इतकं सरकारी थाटाचं नाव मिळालेला हा तिसरा पट्टा प्रत्यक्षात सगळ्यात गमतीचा. एका हाताला नांगरलेलं शेत, दुसऱ्या हाताला झाडी, मध्ये आपण. शेत आणि झाडी जिथं भेटतात तिथं दोन्हीकडचे प्राणी-पक्षी वावरतात, हे अमेरिकी वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी 1933 मध्येच मांडलं होतं. पुढे अभ्यासकांनी त्याची दुसरी बाजूही दाखवली: जंगलाचे तुकडे होऊन असे काठ वाढत गेले की खोल झाडीत घरटी करणाऱ्या पाखरांची पंचाईत होते, कारण अंडी पळवणारेही काठावरच टपलेले असतात. म्हणजे आपल्याला सायकलवरून दिसणारी रेलचेल हा जंगलाच्या तब्येतीचा दाखला असेलच असं नाही. हे माहीत असूनही मान डावी-उजवीकडे फिरत राहतेच.

अशा रस्त्यावर बघायचं ते मात्र बरंचसं खालीच असतं. डांबराची कड मोडलेली, तिच्या फटीतून गवत वर आलेलं. वळणावर बारीक खडी सांडलेली. तिथं ब्रेक वळणाआधीच दाबून घ्यायचा, वळणात नाही. काटेरी तारेच्या गाठीत कुठल्यातरी जनावराचे चार राठ केस अडकलेले आणि त्याच्याच खाली मातीत, कुंपणाबुडून सरपटत जाऊन जाऊन पडलेली गुळगुळीत घळ. सकाळच्या उन्हानं डांबर तापायला लागलं की साप, सरडे अंग शेकायला रस्त्यावर येऊन पडतात. लांबून ती वाळकी काटकीच वाटते. म्हणून रस्त्यावरची प्रत्येक काटकी चुकवायची, ही सवय लावून घेतलेली बरी. पावसानंतर बेडकांची पाळी. तेव्हा तर वेगाचा विचारच सोडावा.

आणि मोऱ्या. ओढ्यावरच्या मोरीपाशी रस्ता थोडा खाली उतरतो आणि अचानक घोट्यांपासून गारवा चढत येतो. गार हवा जड असते, रात्रभर ती उतारावरून ओघळून सखल जागी साचून राहते. पॅडल मारत पाचपंचवीस मीटर पुढे गेलं की पुन्हा कोमट. मोटारीत बसलेल्याला या रस्त्यावर हवामान एकच असतं.

तरी या रस्त्यांची खरी कमाई कानांची. आवाजाचं महत्त्व किती असतं ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात झालेल्या एका प्रयोगातून कळतं. तिथल्या संशोधकांनी रस्ताच नसलेल्या माळावर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची ध्वनिक्षेपकांची रांग लावली आणि तिच्यावर मोटारींचा नुसता आवाज वाजवला. गाडी नाही, धूर नाही, डांबर नाही. एवढ्यावर तिथले पक्षी चतुर्थांशाहून जास्त घटले. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा वर्षं आधी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात दिसलं होतं की गोंगाटाच्या भागातले टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, वाहनांच्या घरघरीतून आवाज पोचावा म्हणून. तेव्हा कडेच्या रस्त्यावर एखादा पक्षी खालच्या सुरात, सावकाश गाताना ऐकू आला तर त्यात त्या लांबच्या महामार्गाचाही वाटा असतो.

आता इतका शांत रस्ता आणि त्यावर इतकं शांत वाहन म्हटल्यावर कुणालाही वाटेल की प्राण्यांना आपला काहीच त्रास नाही. इथं जरा गडबड आहे. चालणारा माणूस लांबून कळतो, मोटारही कळते. सायकल कळत नाही आणि वेगानं येते. 2016 साली मोंटानामध्ये, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या जंगलवाटेवर, एक सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्यात दगावला. ती वाट जंगलातली होती, आपल्या रस्त्यावर तसं घडणं अवघड; पण दृष्टीआडच्या वळणावर कुणाच्या तरी अंगावर जाऊन थडकण्याची शक्यता तीच, मग तिथं हरीण असो, म्हैस असो की पोरगं. अशा वळणाआधी मी पॅडल थांबवतो. पाय थांबले की मागच्या चाकाचं फ्रीव्हील कटकट करायला लागतं. महागड्या सायकलींची ही कटकट बंद करण्यासाठी लोक तिथं ग्रीस भरतात. भरू देत. माझ्या दृष्टीनं ती कुणालाही न दचकवणारी, फुकट मिळालेली घंटी आहे.

साधनांवर फार बोलण्यासारखं काही नाही. टायर थोडे रुंद असावेत आणि खडबडीत रस्त्यावर त्यातली हवा जरा कमी ठेवावी. टणक टायर प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मनगटाला पोचवतो. पंक्चरचं सामान सोबत असावं, कारण ज्या कारणानं रस्ता शांत असतो त्याच कारणानं तिथं मदतीला कुणी येत नाही. आणि वेगाचा हट्ट नको. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट वेगाला चौपट विरोध. एवढा घाम गाळून काय मिळवायचं, तर रस्ता लवकर संपणं.

खरा घोळ होतो तो दिशा ठरवताना. जंगलाला पूर्ण फेरी मारायची असली की कुठूनही निघता येतं, कुठल्याही बाजूनं जाता येतं. वाहतूक ज्या बाजूनं चालते त्या बाजूला झाडी ठेवली तर सावली मिळते आणि काही दिसलं तर रस्ता न ओलांडता थांबता येतं. वाऱ्याचा हिशोब वेगळाच. फेरीत अर्धा वेळ समोरून आणि अर्धा वेळ मागून वारा मिळेल आणि फिटंफाट होईल, असं वाटतं. होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात वेग कमी म्हणून तिथं वेळ जास्त जातो. त्यामुळे वारा आधी तोंडावर घ्यावा, दमल्यावर पाठीशी. पण सकाळी सूर्य खाली असतो, आणि आपण त्याच्याकडे तोंड करून निघालो तर मागून येणाऱ्या गाडीवाल्याचेही डोळे दिपलेले असतात; त्याला आपण दिसतच नाही. वारा म्हणतो पूर्वेला जा, सूर्य म्हणतो पश्चिमेला. मी सूर्याचं ऐकतो. वारा काय, फार तर दमवेल.