धुऱ्यावरची गुळवेल

नागपुरातून फळबागांच्या सल्ल्याचं काम करतो. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांची फळं, रंगावर आला होता आणि काटोलकडच्या एका बागेत रोज टोपल्यांनी संत्री गळत होती. दुकानदाराने फळमाशी सांगितली, तीन फवारण्या झाल्या, गळ तशीच. दिवसा बाग पाहून रात्रीच्या किडीवर औषध विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गळलेल्या फळावर टाचणीने टोचल्यासारखं एकच छिद्र होतं. दाबलं की रसाची चिळकांडी. सोललं तर छिद्राखालच्या फोडी कोरड्या, भुसभुशीत. अळी एकही नाही. फळमाशी असती तर आत वळवळ दिसली असती.

रात्री साडेसातला बॅटरीला लाल कागद लावून ओळीत शिरलो. आधी निखाऱ्यासारखे डोळे चमकले, मग पतंग दिसला. पंख मिटलेले, थेट वाळकं पान, शिरांसकट. जरा फडफडला आणि खालचे गर्द केशरी पंख उघडले, प्रत्येकावर काळा गोल ठिपका. युडोसिमा मॅटर्ना, फळातला रस शोषणारा पतंग. बहुतेक पतंगांची सोंड मऊ, याची टोकाला टणक आणि काटेरी. गिरमिटासारखी साल भेदते. रस पिऊन हा निघून जातो, छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडून गळतं. अकरापर्यंत चाळीस झाडांवर 23 मोजले.

याची अळी संत्र्याला तोंडच लावत नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेलीवर. सकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीवर सापडलीच. मखमली, काळपट, कुशीवर डोळ्यांसारखे ठिपके.

वेल काढा म्हटल्यावर शेतकऱ्याची आई पुढे आली. "करोनात याच येलाचा काढा पाजला पोरायले. मी नाई तोडू देत, बापू."

पत्रकात 'वेली नष्ट करा' लिहिणं सोपं आहे. नाल्याकाठची झुडपं त्याच वेलींनी भरलेली, पतंग तिथूनही उडत येणार. मी आग्रह सोडला. संध्याकाळी ओल्या पाल्याचा धूर, गूळ आणि फळांच्या रसात कीटकनाशक घालून आमिष, गळालेली फळं रोज पुरायची, एवढंच सांगून निघालो.

आठवड्याने गळ बरीच कमी झाली. पण मुलाने आईला न विचारता वेलही कापली होती. त्यामुळे गळ धुराने थांबली, आमिषाने की वेल गेल्याने, हे मला अजून सांगता येत नाही. त्याची आई माझ्याशी बोलली नाही.

परवा गेलो तर कडुनिंबावर लोंबणाऱ्या वेलीच्या तुकड्याने दोऱ्यासारखी मुळं खाली सोडली होती. त्यांच्याखाली आईने माती ओढून ठेवली होती. मी मुलाला काही बोललो नाही.