वहीतलं शून्य

18 जुलै 2025, शुक्रवार. नेरूळ

काल रात्री ओटा आवरून फोन हातात घेतला आणि बातमी दिसली. भारताच्या महिला फुटबॉल संघाची गोलकीपर अदिती चौहान निवृत्त. सतरा वर्षं खेळली, भारतासाठी 57 सामने. वय अजून तेहेतीससुद्धा पूर्ण नाही.

बातमी कुणाला तरी सांगायची होती. घरात सगळे झोपलेले, म्हणून कोल्हापूरला दादाला फोन लावला. आधी विचारलं, "कोण अदिती?" सांगितलं. तर म्हणतो, "गोलकीपर व्हय? मग अजून धा वर्षं खेळाय पायजे होतं की. गोलीला पळायला कुठं लागतंय?"

शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारीच दुकानाचं शटर ओढणारा हा माणूस. पेठेतल्या तालमींच्या फुटबॉलवर पैज लावून बोलेल, पण बायकांच्या फुटबॉलवर विचारलं की गप्प. मला पहिल्यांदा गोलात उभं केलं तेही यानेच. मी नऊ वर्षांची, गल्लीत दोन विटांच्या मध्ये. कारण एकच, बाकी कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

पुढे कॉलेजात दोन वर्षं खेळले. सगळे मिळून सात सामने. ग्लोव्हज कॉलेजकडे एकच जोडी, मुलांच्या गोलकीपरच्या मापाची. त्यांचा सामना त्याच दिवशी असला की मी रिकाम्या हातांनी. एका सामन्यात सहा गोल खाल्ले. त्या मैदानावर गोलाला जाळं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर बॉल आणायला मागच्या बाभळीपर्यंत जायचं आणि परत यायचं. सहा वेळा. सगळे बघतायत. कुणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. बॉल मधल्या रेषेवर पोहोचेपर्यंत बाकीच्या दहाजणी आपापली जागा घेऊन पुन्हा सज्ज, आणि आपण अजून काटा काढतोय.

म्हणून मला अदितीच्या प्रवासातला ऑगस्ट 2015 सगळ्यात जवळचा वाटतो. लोक तेवढंच सांगतात की इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय बाई. खरंच आहे. लफबरो विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला गेली आणि लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघात गेली. संघ तेव्हा तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये होता. पहिला सामना कोव्हेंट्रीविरुद्ध. पाच गोल खाल्ले, 0-5. सत्काराच्या भाषणात हा आकडा कुणी घेत नाही. मला मात्र वाटतं, पाचवा गोल गेल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा ग्लोव्हज चढवले, त्यातच सगळं आलं. (तिकडे जाळी असतात, हे एक बरं.)

जन्म चेन्नईचा, वाढली दिल्लीत. आधी कराटे, बास्केटबॉल. फुटबॉलच्या चाचणीला पाठवली गेली तेव्हा हाताला बॉलची सवय होती, म्हणून गोलात. मला वाटायचं, गोलकीपर फक्त नाइलाजानेच बनतात. तसं नसावं. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा 2012, 2016 आणि 2019 अशी तीनदा जिंकलेल्या संघांत ती होती. गोकुलम केरळा क्लबबरोबर इंडियन विमेन्स लीग जिंकली. 2021 मध्ये आइसलंडला हमार नावाच्या क्लबकडे गेली. तिथल्या थंडीत बॉल अंगावर बसला की काय होत असेल, या विचारानेच माझी बोटं ठणकतात.

आणि मग माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, 20 जानेवारी 2022.

महिला फुटबॉलचा आशियाई चषक भारतात होता. सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. भारत विरुद्ध इराण, डी. वाय. पाटील स्टेडियम, संध्याकाळी साडेसात. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नाही. आमच्या गॅलरीतून स्टेडियमचे दिवे दिसतात. ते लागले तेव्हा मी कुकर गॅसवर तसाच ठेवून बाहेर आले. आत टीव्हीवर अदिती गोलात, बाहेर त्याच मैदानाचा उजेड, आणि मला जायला बंदी. टीव्हीचा आवाज बंद करून कान दिला. मैदानाकडून काहीच ऐकू आलं नाही, अर्थात. पाम बीच रोडच्या गाड्या तेवढ्या.

सामना 0-0. जोर आपल्या मुलींचा जास्त होता, पण गोल होईना. इराणची गोलकीपर गोलात ठाम उभी. खरं सांगायचं तर त्या दिवशी कौतुक तिचंच जास्त व्हायला हवं. अदितीला त्या मानाने काम कमी. पण काम कमी असलेला सामना गोलकीपरला फार लांब वाटतो, हे दादाला कधीच पटणार नाही. चाळीस मिनिटं नुसतं बघत राहायचं, ओरडून बचावफळी हलवत राहायचं, अंग थंड पडू द्यायचं नाही, आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला जो एकच बॉल येतो तो सोडायचा नाही.

मुलीच्या जुन्या चौकटीच्या वहीत मी 'अ' गटाचा तक्ता आखला होता. पेनाने लिहिलं: भारत, सामने 1, बरोबरी 1, गोल खाल्ले 0.

रविवारी, 23 तारखेला, चायनीज तैपेईशी सामना. संघात इतक्या जणी पॉझिटिव्ह निघाल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. भारत स्पर्धेबाहेर. इतकंच असतं तर चाललं असतं. पण नियमानुसार आधीचा सामनाही रद्दबातल धरला गेला. म्हणजे गुरुवारचा इराणविरुद्धचा 0-0 तक्त्यातून गेला. घरच्या मैदानावर आशियाई चषकात एकही गोल न खाता काढलेली नव्वद मिनिटं हिशेबातच नाहीत. आघाडीवाली गोल करते तेव्हा निदान चेंडू जाळ्यात गेलेला दिसतो. इथे होतं ते शून्य, आणि तेही काढून घेतलं. त्या रात्री मला खरोखर राग आला होता. कुणावर, ते ठरवता येईना. करोनावर रागावून काय उपयोग?

6 फेब्रुवारीला त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. चीनने दोन गोलांची पिछाडी भरून दक्षिण कोरियाला 3-2 ने हरवलं. दिवे पुन्हा दिसले. मी गॅलरीत गेले नाही.

आता या 5 जुलैला, च्यांग माईमध्ये, आपण थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवलं आणि 2026 च्या आशियाई चषकात पोहोचलो. पात्रता फेरीतून, पहिल्यांदाच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. गोलात पंथोई चानू. त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत आणि अदितीने ग्लोव्हज काढले. योगायोगच असेल. तरी मला उगाच वाटलं की तिने तेवढं होईपर्यंत वाट बघितली.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं. गप्प राहिला. मग म्हणाला, "पाच गोल खाल्लेल्या बाईला मग परत घेतलं व्हय त्यांनी?"

घेतलं म्हटलं.

"आमच्या तालमीत नसतं घेतलं," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "तुला सहा पडलेते न्हवं? मी आलोतो त्या मॅचला. बाभळीखाली हुतो."

मला हे माहीतच नव्हतं. अठरा वर्षांत कधी बोलला नाही.

फोन ठेवल्यावर वही शोधली. माळ्यावर, जुन्या बिलांच्या पिशवीत सापडली. पान थोडं दमट झालंय, शाई फुटलीय. शून्य वाचता येतं.