एस्प्रेसो मशीनला दोष देण्याआधी

घरी एस्प्रेसो मशीन आलं की दोन तक्रारी ठरलेल्या: कॉफी आंबट लागते आणि दुधाला फेस धरत नाही. बहुतेक वेळा मशीन बिचारं निर्दोष असतं. घोळ असतो दळणात आणि दुधात.

माटुंग्याहून आणलेली चिकोरीवाली पूड यात घालू नका. फिल्टरला ती झकास, पण इथे मशीनच्या पूड भरायच्या जाळीत तिचा चिखल होतो. चिकमंगळूर किंवा कूर्गच्या बिया घ्या, पाकिटावरची भाजल्याची तारीख बघून, आणि त्यानंतर आठवडाभराने वापरायला काढा.

मोठ्या जाळीत १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. कप वजनकाट्यावर ठेवूनच काढा, अंदाज फसवतो. १५ सेकंदांत धो धो आली तर दळण जाडं, कॉफी पातळ नि आंबट. ४५ सेकंद थेंब थेंब गळत राहिली तर दळण फार बारीक, चव कडवट. बाकी काही न बदलता आधी दळणच बदला. पूड दाबण्याआधी बुचात खोचलेल्या बारीक सुईने ढवळून गुठळ्या मोडा. नाहीतर पाणी सोपी वाट शोधतं, एका बाजूने पिचकारी उडते आणि एकाच कपात आंबट-कडू दोन्ही चवी येतात. दाबताना जोर नव्हे, सपाटी बघा.

जुलैत मुंबईच्या हवेत ग्राइंडरमध्ये भरून ठेवलेल्या बिया ओल धरतात. मग कालच्या सेटिंगवर आज कॉफी अडकत येते. दळण किंचित जाडं करा. बिया कपापुरत्या मोजून घाला, बाकीच्या हवाबंद डब्यात.

आता दूध. तापवून साय धरलेलं दूध फेसासाठी बाद, कारण सायीतल्या चरबीच्या गुठळ्या बुडबुडे फोडतात. पाश्चराइज्ड पिशवी फ्रिजमधून काढून थेट वापरा. (तबेल्याचं सुटं दूध मात्र उकळल्याशिवाय नको.) शिकताना ३ टक्के फॅटचं टोन्ड बरं, हात बसला की ६ टक्क्यांचं फुल क्रीम, चव त्यालाच.

३५० मिलीच्या स्टीलच्या जगमध्ये १५० मिली गार दूध. आधी वाफेच्या नळीतलं साठलेलं पाणी फडक्यात सोडून द्या, नाहीतर ते दुधात उतरतं. नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, मध्यापासून जरा बाजूला. कागद फाटल्यासारखा 'च्स्स च्स्स' आवाज आला की हवा शिरतेय. किंचाळी आली तर टोक फार खोल आहे, खळखळून मोठे बुडबुडे आले तर फार वर. जग हाताला कोमट लागेपर्यंतच हवा शिरू द्या. मग टोक सेंटिमीटरभर बुडवून दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. जगाला तळहात टेकवून धरवेनासा झाला की वाफ बंद, म्हणजे साधारण ६० अंश. ७० च्या पुढे गोडवा जातो आणि उकळल्या दुधाचा वास येतो. ओट्यावर एकदा आपटा, गरगर फिरवा; ओल्या रंगासारखी चकाकी आली की लगेच ओता, थांबलात तर फेस वर आणि दूध खाली.

नळी तेव्हाच ओल्या फडक्याने पुसून वाफ एकदा सोडा. आत दूध वाळलं की भोकं बुजतात. कॉफी आणि वाफ दोन्हींसाठी पाणी तापवणारा एकच बॉयलर असेल तर वाफेसाठी तो जास्त तापलेला असतो; पुढची कॉफी काढण्याआधी थोडं गरम पाणी सोडून तो थंड करा, नाहीतर दुसरा कप करपट येतो.