लिथियम, मीठ आणि लहान झालेले पोट

दादाची स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून ते लहान करणे, ठरली तेव्हा घरात वजनाची, खर्चाची आणि पथ्याची भरपूर चर्चा झाली. तो कित्येक वर्षे लिथियम हे मनःस्थितीचे तीव्र चढउतार आवरणारे औषध घेत आहे, हा विषय मात्र वहिनीनेच सर्जनपुढे काढला. सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचे आपसांत बोलणे शस्त्रक्रियेआधीच व्हावे, असा तिचा आग्रह होता आणि तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

लिथियम शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडांवाटे, आणि मूत्रपिंडे त्याला बरेचसे सोडियमसारखेच वागवतात. पाणी आणि मीठ कमी पडले की ती सोडियम धरून ठेवतात व त्यासोबत लिथियमही अडकते. शस्त्रक्रियेनंतर माणूस घोट-घोट पितो, जेवण नावापुरते असते, मधूनच उलटी होते. त्यामुळे वर्षानुवर्षे मानवलेला डोसही जड होऊ शकतो. त्यात फोंड्यातला मे महिना म्हणजे बसल्या जागी घामाच्या धारा. पेजेच्या निवळीत मीठ किती घालायचे, हेसुद्धा वहिनीने आहारतज्ज्ञांना विचारून घेतले.

लिथियमची रक्तातली पातळी साधारणपणे लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल ठेवतात, 1.5 च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावे लागते. हात जास्त थरथरणे, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे ‘ऑपरेशनचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नयेत.

दादाच्या जुन्या पाकिटावर ‘एसआर’ अशी अक्षरे होती, म्हणजे औषध सावकाश सोडणारी 400 मिलिग्रॅमची गोळी. डॉक्टरांनी ती बदलून 300 मिलिग्रॅमची साधी गोळी दिली. एसआर गोळी कुटून देण्याचा सल्ला शेजारून आला होता. तसे केल्यास सगळा डोस एकदम सुटतो. गुडघेदुखीसाठी फार्मसीतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणणेही बंद झाले, कारण त्यांनी लिथियमची पातळी चढते आणि पोटात अल्सरचीही भीती असते.

इतर औषधांची तऱ्हा निराळी. वजन घटवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपासनंतर नैराश्यावरील काही गोळ्यांचे शोषण घटते, तर ल्युरासिडोन हे मानसिक आजारावरचे औषध किमान 350 कॅलरींच्या जेवणासोबत घ्यावे लागते, आणि एवढे जेवण सुरुवातीला एका वेळी जातच नाही.

दादाचे वजन अजून उतरत असल्यामुळे डोस पुन्हा बदलू शकतो. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय वहिनी बांबोळीच्या इस्पितळातून निघत नाही.