फिल्टरची पेटी घरी ठेवून भंडारदरा

गेल्या पावसाळ्यात रंधा धबधब्याच्या कठड्यापाशी माझा सहा स्टॉपचा चौकोनी एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची काळी काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) होल्डरमधून सटकला आणि दगडावर पडून त्याचे चार तुकडे झाले. चूक सगळी माझी. छत्री मानेत धरलेली, हात ओले, आणि तुषारांचं पाणी पुसायला काच बाहेर काढायची घाई. ते तुकडे वेचून रुमालात बांधताना ठरवलं की पुढच्या वर्षी काचा आणायच्याच नाहीत. म्हणून या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून भंडारदऱ्याला निघालो, तेव्हा बॅगेत गोल पोलरायझर, म्हणजे चमक काढणारी काच, तेवढा होता. बाकी सगळी भिस्त कॅमेऱ्यातल्या ॲपवर.

कॅमेरा सोनीचा ए-सेव्हन-आर टू, २०१५ सालचा. आतेभावाने अमेरिकेत घेतला होता, नवा घेतल्यावर हा माझ्याकडे आला. त्याने तेव्हाच पैसे भरून उतरवून घेतलेली दोन ॲप त्यात होती, स्मूद रिफ्लेक्शन आणि डिजिटल फिल्टर. सोनीने कॅमेऱ्यात ॲप टाकायची सोय २०१२ च्या सुमाराला काढली आणि २०१७ च्या ए-नाइनपासूनच्या नव्या कॅमेऱ्यांत ती ठेवलीच नाही. ॲपचं ते दुकानही आता बंद आहे. सोबतीला मेव्हणा होता. त्याच्याकडे ओएम सिस्टीमचा ओएम-वन मार्क टू. त्यात लाइव्ह एनडी आणि लाइव्ह जीएनडी, म्हणजे पूर्ण काळ्या आणि अर्ध्या काळ्या काचेचं काम करणाऱ्या सोयी मेन्यूतच येतात, वेगळं ॲप लागत नाही. म्हणजे एकाच ठिकाणी दोन तऱ्हा शेजारी शेजारी लावून बघता येणार होत्या.

नाशिक ते शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव, साधारण सत्तर किलोमीटर. पहाटे चारला निघालो, घोटीला चहा घेतला आणि बारी ओलांडेपर्यंत कळसूबाईचा पायथासुद्धा दिसत नव्हता, इतकं धुकं. सहाला आर्थर लेकच्या, म्हणजे धरणाच्या तळ्याच्या काठावर. पुढे येणाऱ्यांना पहिला सल्ला हाच की शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत तळ्याभोवतीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि ट्रायपॉड मांडायला जागा राहत नाही. आम्ही मंगळवार-बुधवार गेलो. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. सुटे पैसे ठेवा, कारण फोनला रेंज असेलच असं नाही.

आता ॲप नेमकं काय करतं ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर उपयोग नाही. एनडी फिल्टर ही काळी काच. प्रकाश कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि पाणी मऊ दिसतं. स्मूद रिफ्लेक्शन काच न लावता एकामागून एक बरेच फोटो काढतं आणि त्यांची सरासरी करून एकच फाइल देतं, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) सुद्धा. पाव सेकंदाचे ६४ फोटो म्हणजे एकूण सोळा सेकंद. सहा स्टॉपचा एनडी लावून पाव सेकंदाचं जे व्हायचं तेच. मेव्हण्याच्या लाइव्ह एनडीचं गणितही असंच. ओएम-वनमध्ये २०२२ साली ते एनडी ६४ पर्यंत, म्हणजे सहा स्टॉपपर्यंत होतं, २०२४ च्या मार्क टूमध्ये १२८ पर्यंत गेलं. शिवाय पाणी किती मऊ होणार ते त्याला आधीच स्क्रीनवर दिसतं. माझ्या ॲपला फोटो तयार होईपर्यंत वाट बघावी लागते.

तळ्यावर त्या सकाळी रतनगड साडेसातपर्यंत ढगातच होता. मग ढगाची कड थोडी वर सरकली आणि डोंगराचा खांदा पाण्यात उतरला. वारा बारीक होता, पाण्यावर सुरकुत्या होत्या, साध्या फोटोत प्रतिबिंबाच्या चिंध्या होत होत्या. एफ ११, आयएसओ १००, पाव सेकंद, ६४ फोटो. सुरकुत्या गेल्या, डोंगर पाण्यात सलग दिसू लागला. बुरबुर चालूच होती, पण पुसायला एकच काच. चौकोनी फिल्टर असता तर पुढून थेंब आणि मागून वाफ, दोन्हीकडून फडकं फिरवत बसलो असतो.

मला खरा फायदा सापडला तो घरी फाइल उघडल्यावर. आकाश पांढरं पडू नये म्हणून मी फोटो मुद्दाम गडद घेतला होता, काठावरची झाडं जवळजवळ काळी होती. एरवी असा अंधार उजळला की दाणे, म्हणजे नॉइजचे ठिपके वर येतात. पण ६४ फोटोंच्या सरासरीत हे दाणे ६४ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे आठ पटींनी कमी होतात. झाडं दोन-अडीच स्टॉप वर ओढली तरी स्वच्छ. म्हणजे वरून गडद आणि खालून पारदर्शक असा जो जीएनडी फिल्टर आपण आकाशासाठी लावतो, त्याचंही बरंचसं काम या एकाच ॲपने केलं. अट एकच, आकाश आधीच जळलेलं नको. प्रत्येक फोटोत जो भाग पांढरा पडला आहे तो सरासरीतही पांढराच राहणार. म्हणून एक साधा फोटो काढून हिस्टोग्रामची (उजेड-अंधाराच्या आलेखाची) उजवी कड बघा आणि मगच ॲप सुरू करा.

डिजिटल फिल्टर हे दुसरं ॲप खास जीएनडीसाठीच. फ्रेमचे दोन किंवा तीन भाग पाडायचे, मधली रेघ हवी तशी तिरकी करायची, कड किती मऊ ते ठरवायचं आणि प्रत्येक भागाला वेगळं एक्स्पोजर, वेगळा व्हाइट बॅलन्स द्यायचा. तीन भागांची सोय तळ्यावर छान बसते. आकाश, डोंगर, पाणी. प्रतिबिंब आकाशापेक्षा थोडं गडद ठेवा. उलट झालं की डोळ्याला खटकतं, आणि फिल्टरवाल्यांच्या फोटोत ते फार वेळा उलट झालेलं असतं. पण रेघ शेवटी रेघच. सह्याद्रीचं क्षितिज कधी सरळ असतं का? आकाशासाठी रेघ ओढली की कड्याचा वरचा भाग तिच्यात सापडून काळवंडतो, अगदी काचेच्या फिल्टरसारखाच. मेव्हण्याच्या लाइव्ह जीएनडीतही तीच रड. त्याने रेघेची कड हार्डची सॉफ्ट केली, रेघ खाली-वर केली, मग म्हणाला, "दाजी, हे समुद्रावर वापरायचं. डोंगराला नाही." मलाही तेच पटलं. कोकणात, जिथे पाणी आणि आकाश एका सुतात भेटतात, तिथे या ॲपची मजा वेगळी असेल. भंडारदऱ्याला मी ते दोनदा वापरलं आणि सोडून दिलं.

तिथून तळ्याला वळसा घालून रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात. काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ, पावसात न्हालेलं, शेजारी कोनाड्यांची पुष्करणी. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, त्यामुळे माझं ॲप इथे बादच. हातात धरून ६४ फोटो काढले तर देवळाचंच धुकं होईल. मेव्हण्याच्या कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण मात्र जबरदस्त. भिंतीला पाठ टेकून, श्वास रोखून त्याने हातातच लाइव्ह एनडी चालवलं आणि पुष्करणीच्या पाण्यावर पडणाऱ्या थेंबांची नुसती साय दिसेल असा फोटो काढला. मी तोंड वाकडं करून त्याची पाठ थोपटली.

मी इथे पोलरायझर लावला आणि तिथेच एक गोष्ट पक्की झाली. ओल्या दगडावरची, ओल्या पानांवरची ती पांढरट चमक कोणतंही ॲप काढू शकत नाही. पोलरायझर प्रकाश आत शिरण्याआधीच निवडतो. चमक एकदा सेन्सरवर उमटली की त्यातला चमकेचा प्रकाश कोणता आणि पानाचा कोणता हे कॅमेऱ्याला कळायला मार्गच नाही. पावसाळ्यातला सह्याद्री हा सगळाच ओला. पोलरायझर फिरवला की हिरवा रंग एकदम खोल जातो. तेव्हा बाकी पेटी ठेवा घरी, पण ही एक काच खिशात हवीच. शिवाय ती दीड स्टॉप प्रकाश खाते, म्हणजे ॲपसाठी लागणारा पाव सेकंद ढगाळ दुपारीही मिळतो. तो मिळणं महत्त्वाचं आहे. शटर फार वेगाचं ठेवलं तर दोन फोटोंमधल्या फटी दिसतात आणि पाणी मऊ व्हायच्या ऐवजी खरखरीत, तुटक दिसतं.

घाटघरच्या कोकणकड्यावर दुपारी पोचलो. खालून वाऱ्याबरोबर ढग वर चढत होते, कडा दिसायचा आणि पुसला जायचा. इथे मी चुकलो. बॅटरी वाचवायला आठच फोटोंची सरासरी घेतली, तर ढगाच्या आठ कडा एकावर एक छापल्यासारख्या आल्या. ढगांना ६४ च्या खाली जाऊ नका. आणि वाऱ्याच्या वेळी त्याच फ्रेमचा एक साधा, वेगवान फोटो घेऊन ठेवा. गवत आणि फांद्या ॲपमध्ये विरघळतात, त्या घरी या साध्या फोटोतून परत आणता येतात. ट्रायपॉडचे पायही बघा. कड्याजवळची माती इतकी भिजलेली होती की अर्ध्या मिनिटात एक पाय बोटभर रुतला आणि फोटो तिरका होत गेला. मग प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवला. कड्याच्या टोकाशी मात्र ट्रायपॉड घेऊन जाऊच नका, शेवाळ फसवं असतं.

परतताना साम्रदच्या अलीकडे खाचरात आवणी चालू होती. आठ-दहा बाया रांगेत वाकलेल्या, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद बांधलेले. विचारून बांधावर ट्रायपॉड लावला आणि सवयीने हात ॲपवर गेला. खाचरातलं पाणी आरशासारखं झालं, मागचा डोंगर झकास, आणि बाया गायब. रांग होती तिथे फिकट निळसर धूर. एक आजी बांधावर आल्या, स्क्रीनमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "आन् आमी कुटं गेलो रं?" पुढचा अर्धा तास मी ॲप बंद ठेवून १/१०० ते १/२५० सेकंदावर साधे फोटो काढले. या सहलीतले मला आवडलेले चार फोटो त्यातले आहेत. माणूस, गुरं, बगळे, होडी यांपैकी काही फ्रेममध्ये असेल तर ॲपला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी रंधा. प्रवरा तिथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते आणि ऑगस्टमध्ये पाण्याला गढूळ तांबूस रंग असतो. सोळा सेकंदांत त्याचा कापूस होतो, आणि रंध्याचा कापूस मला बघवत नाही. त्या पाण्याचा जोर दिसायला हवा. पाव ते अर्धा सेकंद पुरतो, आणि तेवढा पोलरायझर एकटाच मिळवून देतो. म्हणजे जिथे माझी काच फुटली तिथे ना ती काच लागत होती, ना ॲप! भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाखालचा अंब्रेला फॉल पाणी सोडल्यावरच दिसतो. आम्ही गेलो तेव्हा सोडलेलं नव्हतं. शेंडीत आधी चौकशी करून मगच पायऱ्या उतरा.

बॅटरीचं सांगायलाच हवं. या कॅमेऱ्याची एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी मुळातच छोटी. ॲप चालू असताना ती डोळ्यांदेखत उतरते. दोन दिवसांत मी चार बॅटऱ्या संपवल्या आणि पाचवी गाडीत चार्ज करत होतो. कार्डावर मात्र भार नाही, ६४ फोटोंची शेवटी एकच फाइल राहते. ॲप उघडायला काही सेकंद जातात, त्यामुळे उन्हाची तिरीप आल्यावर ते शोधायला जाल तर तिरीप निघून गेलेली असेल. आधीच उघडून ठेवा. आणि ॲपमध्ये शिरल्यावर आयएसओ आणि रॉ पुन्हा तपासा. मी पहिले तीन फोटो नुसत्या जेपेगमध्ये काढून बसलो होतो.

हे वाचून कोणी जुना सोनी शोधायला निघणार असेल तर विकणाऱ्याला आधी विचारा की ॲप कॅमेऱ्यात आहेत का, आणि समोर बसून प्रत्येक ॲप उघडून बघा. नसतील तर ते कॅमेरे त्यासाठी घेण्यात अर्थ नाही. नवा घ्यायचा असेल आणि हेच हवं असेल तर मेव्हण्याची वाट सरळ आहे. माझ्या कॅमेऱ्यातली ॲप एकदा गेली तर कुठून आणणार, म्हणून रीसेटच्या मेन्यूकडे मी फिरकतही नाही. घरात मुलीलाही ताकीद दिली आहे.