बांधावरची लिबेरिका

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला निघालं की पुढे रान रस्त्याला बिलगतं. मलप्रभेचा उगम पाहायला या वाटेनं बरेच जण येतात. मी मार्चमध्ये गेलो ते ओळखीच्या एका काकांच्या बागेतलं कॉफीचं झाड पाहायला.

कॉफी म्हटलं की छाटून बुटकी ठेवलेली झुडपं डोळ्यांसमोर येतात. हा तर वृक्षच! पोफळीच्या बागेच्या बांधावर उभा, वीतभराहून मोठी चिवट पानं, खोडाला लगडलेली बोराएवढी फळं. "वाऱ्याला आडोसा म्हणून वडलांनी कुर्गातनं रोप आणलेलं," काका म्हणाले. "बी कोण इचारतंय ओ!"

ही लिबेरिका, कॉफीची एक वेगळी प्रजात, मूळची आफ्रिकेतली. १८६९ मध्ये श्रीलंकेत तांबेरा या पानांवरच्या रोगानं अरेबिका या नेहमीच्या कॉफीचे मळे धरले, तेव्हा सखल भागातली उष्णता सोसणारी म्हणून मळेवाल्यांनी आशियात हिला जवळ केलं. पण फळाचा गर जाड, त्यामानानं बी थोडी, वाळायला वेळ, तोडायला शिडी. मग रोबस्टा ही कॉफीची आणखी एक प्रजात आली आणि ही बांधावर गेली. मला हा अन्याय वाटतो. कर्नाटकात भरपूर लावली जाणारी एस. ७९५ ही अरेबिकाची जात घ्या. तांबेऱ्याशी झगडण्याची तिची ताकद लिबेरिकाकडूनच आलेली आहे. हिचा गुण आपण घेतला, नाव मात्र घेत नाही.

काकूंनी गेल्या साली वाळवलेल्या बिया लोखंडी कढईत मंद आचेवर भाजल्या. बी मोठी, तिरकी, एका टोकाला निमुळती. खलबत्त्यात कुटताच घरभर पिकलेल्या बरक्या फणसाचा वास सुटला! खानापूर तालुक्यातल्या माणसाला हा वास ओळखायला सांगावं लागत नाही. कॉफीत मिसळायची चिकोरी नाही, दूध नाही. काकूंना ते पटेना, "गूळ तरी घाला की," म्हणाल्या. कोरीच प्यायलो. कडवटपणा कमी, घोट दाट, आणि फणस जिभेवर बराच वेळ राहिला.

आजवर या बिया रोबस्टाच्या पोत्यातच जायच्या, त्याच भावानं. फिलिपिन्समध्ये लोक हीच कॉफी बराको म्हणून अभिमानानं पितात, मलेशियातही हिची लागवड आहे, हे काकांना सांगितलं. त्यांनी तोडलेली फळं लगेच वेगळ्या ताडपत्रीवर पसरली. गर जाड असल्यानं बुरशी धरू नये म्हणून ती रोज उलथावी लागतात. ते काम काकूंनी स्वतःकडे घेतलंय.