माझा अनुभव : बायोफिल्मची प्लेट धुताना

'पीबीएसने तीन वेळा हलक्या हाताने धुवा.' बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढलेला जिवाणूंचा थर; तो मोजायच्या प्रोटोकॉलमधल्या या एका ओळीने माझे तीन आठवडे खाल्ले. पीबीएस म्हणजे धुण्यासाठीचं क्षारांचं बफर द्रावण. हलक्या हाताने म्हणजे नेमकं कसं, ते त्यात लिहिलेलंच नव्हतं.

स्ट्रेन्स (एकाच जिवाणूचे वेगवेगळे वाण) होते डायलिसिस कॅथेटरवरून, म्हणजे नळीवरून, आलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे. रिपोर्टमध्ये व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला 'सेन्सिटिव्ह', तरी औषध थांबलं की ताप परत. एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, निघते ती मोकळ्या तरंगणाऱ्या पेशींवर. कॅथेटरला धरलेल्या थरातल्या पेशी सावकाश वाढतात, काही तर जवळपास निजलेल्या असतात. त्यांना ती मात्रा पुरत नाही. म्हणून कोणता स्ट्रेन किती थर धरतो, ते बघायचं होतं.

लावणी सोपी. रात्रभर वाढवलेलं कल्चर 1 टक्का ग्लुकोज घातलेल्या टीएसबी या पोषक द्रवात (मीडियममध्ये) 1:100 पातळ करून, सपाट तळाच्या 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये 200 मायक्रोलिटर, 37 अंशांना 24 तास, न हलवता. ग्लुकोज विसरलात तर बरेच ऑरियस थर धरतच नाहीत.

मग धुणं. उरलेल्या थराला जांभळा रंग दिला, तर एकाच स्ट्रेनच्या तीन वेल्सपैकी एक गडद जांभळी, दुसरी फिकट, तिसरी जवळजवळ कोरी. आधी स्ट्रेनवर संशय घेतला, मग मीडियमवर. शेवटी प्लेट डोळ्यांपाशी धरून पीबीएस सोडलं तेव्हा दिसलं: पिपेटच्या टिपमधली धार तळावर पडली आणि थराची एक कड सुटून दुधावरच्या सायीसारखी गोळा झाली. पुढच्या धुण्यात ती साय बाहेर. ऑरियसचा थर पुष्कळदा प्रथिनांवर तगलेला असतो, तो असा अख्खा सोलून निघतो.

आता असं करते. कल्चर झटकून नाही, टिप भिंतीला टेकवून ओढून घ्यायचं. पीबीएस 200 मायक्रोलिटर, भिंतीवरून, मल्टिचॅनेल पिपेटचं बटण अंगठ्याने सावकाश दाबत. टिश्यूवर प्लेट आपटायची नाही, नुसती उपडी टेकवायची. तिसऱ्या धुण्यानंतर लगेच मिथेनॉल, 15 मिनिटं, मग उपडी ठेवून वाळवणं. मिथेनॉल बसलं की थर पक्का; त्यानंतर रंग धुताना नळाचं पाणीही चालतं. हे फिक्सिंग वेळ वाचवायला गाळू नका, मी गाळलं होतं.

क्रिस्टल व्हायोलेट 0.1 टक्का, 15 मिनिटं. रंग 33 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये सोडवून नव्या प्लेटमध्ये घ्या, 570 नॅनोमीटरला रंगाची गडदता वाचा. कोऱ्या मीडियमच्या वेल्सची सरासरी अधिक तीन एसडी (प्रमाण विचलन) हा कटऑफ. त्याच्या दुपटीपर्यंत कमजोर, चौपटीपर्यंत मध्यम, त्यावर जोरदार. सोबत तुलनेसाठी स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसचे एटीसीसी (प्रमाणित जिवाणूंचा संग्रह) 35984 आणि 12228 हे स्ट्रेन लावाच. पहिला भरपूर थर धरतो, दुसरा धरत नाही. पहिल्याच्याच वेल्स फिकट आल्या, तर चूक हातात आहे.

राहिलंच: कडेच्या वेल्स वाळतात, त्यांत निर्जंतुक पाणी भरा, नमुने आत लावा. आणि ॲसेटिक ॲसिड हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) ट्रेमध्ये कधीही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो.

हा रंग मेलेल्या पेशींनाही तितकाच चढतो. व्हँकोमायसिननंतर थरात कोणी जिवंत उरलं का, हे हवं असेल तर वेगळी प्लेट लावा, न रंगवता थर खरवडून सोडवा, डायल्युशन करून अगारवर सीएफयू (जिवंत पेशींपासून वाढलेल्या वसाहती) मोजा.